कंपायलर विचारतोय, त्याला उत्तर द्या

रविवारी मेगाब्लॉक होता, म्हणून भाची शनिवारी रात्रीच माझ्याकडे मुलुंडला मुक्कामाला आली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सकाळी मी पोहे भिजवत होते, तेवढ्यात लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "मावशी, मी एक ओळसुद्धा बदललेली नाही गं, तरी बिल्ड होत नाहीये."

तिला अभ्यासाला एक्सव्ही६ आहे. ही एमआयटीमध्ये २००६ साली शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीची नव्याने केलेली मांडणी. छोटी असल्यामुळे एका सत्रात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होते. तिच्याकडची प्रत काही वर्षांपूर्वीची होती आणि लॅपटॉपवरचा जीसीसी कंपायलर नवा. मेकफाइलमधल्या सूचनांप्रमाणे सगळा कोड बांधणारं मेक चालवलं की शेलच्या, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलपाशी येऊन सगळं थांबायचं. 'इन्फिनिट रिकर्शन डिटेक्टेड' असा संदेश आणि त्याच ओळीच्या शेवटी चौकोनी कंसात डब्ल्यू-एरर.

"ग्रुपवर सगळ्यांनी मेकफाइलमधून डब्ल्यू-एरर काढून टाकलंय. मीपण काढू?"

मी गेली पंधरा वर्षं छोट्या बोर्डांसाठी लिनक्सचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बांधण्याचं काम करते. कामावर नवीन मुलं आली की पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न येतो, त्यामुळे त्या सकाळी तिला जे सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवते आहे.

आधी वॉर्निंग आणि एरर यांतला फरक. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला कोड वाचून त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम. समजा तुम्ही दूधवाल्यासाठी दाराला चिठ्ठी लावली आणि ती पावसात भिजून अर्धी फाटली. उरलं फक्त 'उद्या दोन पिश'. यावरून त्याला काहीच करता येणार नाही. ही एरर. आता चिठ्ठी अख्खी आहे, पण लिहिलंय 'उद्या दोन पिशव्या नको परवा'. स्वल्पविराम कुठे धरायचा? 'उद्या दोन पिशव्या, नको परवा' की 'उद्या दोन पिशव्या नको, परवा'? व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य चालतं. दूधवाला एक अर्थ धरून पिशव्या ठेवून जाऊ शकतो. पण चांगला दूधवाला बेल वाजवून विचारेल, "ताई, नक्की काय म्हणायचंय?" ही वॉर्निंग.

सी भाषेत अशा चिठ्ठ्या पदोपदी लिहिल्या जातात. एक बरोबरचं चिन्ह लिहिलं की किंमत भरली जाते, दोन लिहिली की तुलना होते. 'युजर क्रमांक शून्य आहे का' असं विचारायच्या जागी एक चिन्ह कमी पडलं, तर 'युजर क्रमांक शून्य कर' असा हुकूम होतो. आणि युनिक्सच्या घराण्यात शून्य क्रमांकाचा युजर म्हणजे रूट, सर्वाधिकारी. भाषेच्या नियमांत दोन्ही वाक्यं बसतात, म्हणून कंपायलर एरर देत नाही, फक्त शंका काढतो आणि पुढे जातो.

डब्ल्यू-एरर हा कंपायलरला दिलेला एक पर्याय आहे. तो दिला की प्रत्येक शंका एररसारखी वागते: उत्तर मिळेपर्यंत फाइल तयार होणार नाही. आपल्या लोकलमध्ये याच विचाराची यंत्रणा आहे, ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टिम. पिवळा सिग्नल आला की मोटरमनच्या केबिनमध्ये आवाज होतो. 'मी पाहिलं' असं सांगणारं बटण त्याने ठरावीक सेकंदांत दाबलं नाही, तर ब्रेक आपोआप लागतात. पिवळा सिग्नल स्वतः गाडी थांबवत नाही. इशाऱ्याला उत्तर न मिळणं गाडी थांबवतं.

अशा शंका काढण्याचं काम पूर्वी कंपायलर करतच नसत. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली त्यासाठी वेगळा प्रोग्राम लिहिला आणि नाव ठेवलं लिंट, म्हणजे कापडाला चिकटलेली तुसं. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. पाळी सुटली की केसांत, भुवयांत रुई अडकलेली असायची आणि आजी त्यांना उंबऱ्याबाहेरच अंग झटकायला लावायची. म्हणून हे नाव मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार जवळचं वाटलं. पुढे लिंटची बरीचशी कामं कंपायलरनेच अंगावर घेतली. डब्ल्यू-ऑल हा त्यांतल्या नेहमीच्या तपासण्या एकदम चालू करणारा पर्याय. नावात 'ऑल' असलं तरी सगळ्या तपासण्या त्यात नसतात, हे पहिल्याच दिवशी लक्षात ठेवावं. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपलच्या सिस्टिममधली एक चूक उघड झाली. 'गोटू फेल' ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा पडली होती, आणि त्यामुळे सुरक्षित जोडणीची सही न तपासताच कोड पुढे जात होता. नेहमीच्या तपासण्यांना ती दिसली नव्हती. ओळीच्या मांडणीवरून फसगत होते आहे, हे सांगणारी वॉर्निंग जीसीसीत २०१६ साली, सहाव्या आवृत्तीत आली.

आता, हे सगळं ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडमध्येच इतकं का जपायचं?

साध्या ॲपने भलत्या पत्त्यावर हात घातला तर कर्नल ते ॲप बंद करतं आणि बाकीचं चालू राहतं. कर्नलनेच भलत्या पत्त्यावर लिहिलं तर त्याला सांभाळणारं खाली कुणी नाही. नशीब चांगलं असेल तर मशीन तिथल्या तिथे थांबतं. नसेल तर दुसऱ्याच कुणाच्या डेटावर लिहिलं जातं आणि दोन दिवसांनी तिसरंच काहीतरी बिघडतं. अशा चुकीमागे मी तीन-तीन आठवडे घालवले आहेत. बोर्ड टेबलावर, पंखा चालू, मशीन चौदा-चौदा तास व्यवस्थित चालतंय, आणि आपण डबा खायला उठलो की बंद पडतंय.

जागेचंही तसंच. साध्या प्रोग्रामला स्टॅकसाठी, म्हणजे फंक्शनला कामापुरत्या लागणाऱ्या मेमरीसाठी, काही मेगाबाइट मिळतात. नेहमीच्या चौसष्ट बिटांच्या इंटेल-एएमडी मशीनवर लिनक्स कर्नलमधल्या प्रत्येक कामाला स्टॅक मिळतो १६ किलोबाइट. एका फंक्शनने, म्हणजे कोडच्या नाव दिलेल्या एका तुकड्याने, त्यातले २,०४८ बाइट ओलांडले की कंपायलरने ओरडावं, अशी चौसष्ट बिटांसाठीची ठरलेली मर्यादा आहे. कॉलेजमध्ये शिकून आलेलं मूल फंक्शनच्या आत चार हजार अक्षरांचा ॲरे सहज लिहून जातं. ही वॉर्निंग त्याला सांगते की बाबा, ही चाळीतली खोली आहे, इथे सोफासेट मावणार नाही.

आणखी एक उदाहरण द्यायलाच हवं, कारण ते वरवर अगदी निरुपद्रवी दिसतं. एखादं फंक्शन वापरलं, पण त्याची ओळख करून देणारी हेडर फाइल जोडायची राहिली. जुनी सी भाषा म्हणायची, हरकत नाही, ते पूर्णांक परत देत असेल असं धरते. बत्तीस बिटांच्या मशीनवर पूर्णांक चार बाइट आणि मेमरीचा पत्ताही चार बाइट, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षं पचून गेली. चौसष्ट बिटांवर पत्ता आठ बाइटांचा झाला. फंक्शन पत्ता देतंय आठ बाइट, घेणारा चारच घेतोय आणि वरचे चार गळून पडताहेत. उरलेला अर्धा पत्ता भलतीकडेच नेतो. इतकी वर्षं ही फक्त वॉर्निंग होती. २०२४ मध्ये जीसीसीच्या चौदाव्या आवृत्तीने नव्या सीच्या कोडसाठी तिला थेट एरर केलं. मला विचाराल तर उशीरच झाला.

पण डब्ल्यू-एररचं खरं काम चुका पकडण्याच्याही आधीचं आहे. ते म्हणजे कान शाबूत ठेवणं. बिल्डमध्ये आधीच चारशे वॉर्निंग धावत असतील, तर आज आलेली चारशे-एकावी कुणाला दिसणार? आमच्याकडे एका जुन्या ड्रायव्हरच्या, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडच्या, बाबतीत नेमकं हेच झालं. वॉर्निंग आली होती, लॉगमध्ये होती, तारखेसकट होती. सहा महिन्यांनी बिघाड सापडल्यावर आम्ही मागे जाऊन ती वाचली. शून्य आणि एक यांतला फरक डोळ्यांना दिसतो, चारशे आणि चारशे एक यांतला दिसत नाही.

लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हल्ड्स यांनीही सप्टेंबर २०२१ मध्ये हाच विचार करून लिनक्स ५.१५ च्या तयारीच्या काळात सगळ्या कर्नल बिल्डसाठी डब्ल्यू-एरर चालू केलं. त्यांचा स्वतःच्या बिल्डपुरता नियम जुना होता, एकही वॉर्निंग नको. लोक मात्र वॉर्निंग असलेला कोड पाठवतच राहायचे. पण काही दिवसांतच हा हुकूम सौम्य करावा लागला. पर्याय ठेवला, पण आपोआप चालू फक्त चाचणीसाठीच्या बिल्डमध्ये.

याचं कारण समजलं की अर्धा विषय समजतो. लिनक्स पंधरा-वीस प्रकारच्या प्रोसेसरांसाठी, जीसीसी आणि क्लँग या दोन कंपायलरांच्या अनेक आवृत्त्यांवर बांधलं जातं. वॉर्निंग हा भाषेचा नियम नव्हे, ते त्या त्या कंपायलरचं मत आहे, आणि नव्या आवृत्तीबरोबर मत बदलतं. कोड तोच राहतो, शंका नव्या येतात. एप्रिल २०२५ मध्ये हे खुद्द टॉर्व्हल्ड्स यांच्याच मशीनवर घडलं. त्यांनी फेडोरा ४२ ही लिनक्सवर आधारलेली सिस्टिम बसवली, तीत जीसीसीची पंधरावी आवृत्ती आली आणि तिने नवी शंका काढली. चार अक्षरांच्या जागेत चार अक्षरांचा शब्द भरलाय, मग शब्द संपल्याची खूण असलेला शून्य बाइट कुठे बसणार? शंका रास्त. पण कर्नलमध्ये अशा कितीतरी ठिकाणी ती चार अक्षरं म्हणजे शब्द नसतोच, हार्डवेअरच्या तक्त्यावरची नुसती चार बाइटांची ओळखखूण असते. शून्य बाइट तिथे नकोच असतो. तेवढ्यासाठी लिनक्स ६.१५ च्या तिसऱ्या चाचणी आवृत्तीच्या तोंडावर धावपळ झाली.

युनिक्सच्याच घराण्यातल्या ओपनबीएसडी आणि फ्रीबीएसडी यांचं कर्नल मात्र डब्ल्यू-एररसकटच बांधलं जातं आणि तिथे हे जमतं, कारण त्यांचा कंपायलर त्याच सिस्टिमबरोबर, त्याच सोर्समध्ये येतो. कंपायलर कधी बदलायचा हे तेच ठरवतात. बदलतील त्या दिवशी नव्या शंकांचा निकालही लावतील.

माझ्या मते नियम यातूनच निघतो. जिथे कंपायलर तुमच्या हातात आहे, म्हणजे तुमच्या टीमची मशीन्स, तुमचा बिल्ड सर्व्हर, तिथे डब्ल्यू-एरर चालूच ठेवा आणि कंपायलरची आवृत्ती लिहून पक्की करा. कोड दुसऱ्याच्या हाती देताना मात्र ते सक्तीचं ठेवू नका. पाच वर्षांनी कोण कुठल्या कंपायलरवर तो बांधेल हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि त्याच्या दारात बिल्ड अडलं तर त्याला दुरुस्त करण्याइतकी माहिती नसेल. माझ्या भाचीला एक्सव्ही६ ने दिला तो नेमका हाच अनुभव.

तिच्या शंकेकडे वळू. शेलमधलं आज्ञा चालवणारं फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावतं. त्यात वावगं काही नाही. पाइप लावलेली, म्हणजे एकीचं उत्तर दुसरीला देणारी, आज्ञा आली की तिचे दोन तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा त्याच पद्धतीने चालवायचा. पण हे फंक्शन बोलावणाऱ्याकडे कधीच परतत नाही. काम झालं की एक्झिट गाठतं आणि ती प्रोसेसच संपते. जीसीसीच्या बाराव्या आवृत्तीत, २०२२ साली, अंतहीन पुनरावृत्ती शोधणारी तपासणी आली. तिने पाहिलं की हे फंक्शन स्वतःला बोलावतंय आणि परतायची वाट कुठेच नाही, म्हणजे अनंतकाळ फिरत राहणार. शंका चुकीची होती, पण वेडगळ नव्हती. कंपायलरला एक गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. या फंक्शनने परतणं अपेक्षितच नाही. ते सांगायला एक ओळ पुरते, फंक्शनच्या ओळखीत 'नोरिटर्न' हा गुणधर्म जोडायचा. एक्सव्ही६ च्या मूळ कोडमध्येही हीच दुरुस्ती झाली. पोहे होईपर्यंत भाचीचं बिल्ड झालं होतं.

"मग डब्ल्यू-एरर काढलं असतं तरी हेच झालं असतं ना?"

त्या क्षणापुरतं, हो. इथेच तिला मी डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या सिस्टिमची गोष्ट सांगितली. ही गोष्ट प्रत्येक नव्या मुलाला मी बसवून सांगते.

२००६ साली डेबियनमध्ये ओपनएसएसएल हा गुप्त किल्ल्या तयार करणारा कोड सांभाळणाऱ्याला वॅलग्राइंड या तपासणी करणाऱ्या साधनाकडून वॉर्निंग येत होत्या. हा कंपायलर नव्हे, पण शंका त्याच जातीची. किंमत न भरलेली मेमरी वापरली जातेय. त्या शंकेचं मूळ दोन ओळींपाशी होतं. दोन्ही दिसायला सारख्या, वेगवेगळ्या फंक्शनमध्ये. त्याने दोन्ही बंद केल्या आणि वॉर्निंग थांबल्या. त्यांतली एक ओळ खरोखरच गेली तरी चाललं असतं. दुसरी मात्र यादृच्छिक आकडे तयार करणाऱ्या कोठारात बाहेरची अनिश्चितता ओतणारी मुख्य ओळ होती. ती गेल्यावर कोठारात उरला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक, आणि तो ३२,७६८ पलीकडे जात नव्हता. म्हणजे ज्या गुप्त किल्ल्या विश्वाच्या अंतापर्यंत कुणाला ओळखता येऊ नयेत, त्या प्रत्येक प्रकाराच्या जेमतेम बत्तीस हजार उरल्या. एखाद्या दुपारी एकेक लावून बघता येतील इतक्या. सप्टेंबर २००६ पासून १३ मे २००८ पर्यंत डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूसारख्या सिस्टिमांवर जगभर अशा किल्ल्या तयार होत राहिल्या. तो दिवस उजाडल्यावर सगळ्या फेकून नव्या करायला लागल्या.

त्या माणसाने निष्काळजीपणा केला असं मी म्हणणार नाही. त्याने बदलापूर्वी विचारणाही केली होती. पण वॉर्निंग नाहीशी होणं आणि शंकेचं उत्तर मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पडद्यावर त्या हुबेहूब सारख्या दिसतात. मला या कामातली सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटते. डब्ल्यू-एरर हा दबाव आहे. घाईतल्या माणसावर दबाव आला की तो सर्वांत जवळची वाट धरतो. ओळ काढतो, टाइपकास्ट ठोकतो, म्हणजे एका प्रकारची किंमत जबरदस्तीने दुसऱ्या प्रकारची मानायला लावतो, व्हेरिएबलला उगाच शून्य भरून ठेवतो. शेवटचं तर फार घातक. किंमत न भरल्याची वॉर्निंग गेली, पण भरायला हवी होती दुसरीच किंमत, आणि आता ते विचारणारंही कुणी उरलं नाही.

वॉर्निंग गप्प कशी करायची हे ज्याला येतं, त्याला ती फसवताही येते. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या कोडच्या एका आरशात, म्हणजे नकलेत, कोड ठेवण्याच्या मुख्य कोठारात नव्हे, कुणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या होत्या. त्यात वर सांगितलेली तीच युक्ती होती: तुलनेच्या वेशात 'युजर क्रमांक शून्य कर'. एक बरोबरचं चिन्ह कमी असलं की जीसीसी शंका काढतो, पण त्याभोवती जादा कंस दिले की 'हे मुद्दाम केलंय' असं समजून गप्प बसतो. घुसवणाऱ्याने ते कंस दिले होते. मूळ कोठाराशी मेळ बसला नाही म्हणून ते पकडलं गेलं.

तर काम करायचं कसं? संदेशाच्या शेवटी कंसात वॉर्निंगचं नाव असतं, ते आधी वाचायचं. मग एकच प्रश्न विचारायचा. कंपायलरची शंका खरी आहे का? खरी असेल तर कोड दुरुस्त करायचा. खोटी असेल तर कंपायलरला कोणती माहिती कमी पडली ते शोधून ती कोडमध्येच लिहायची, वरच्या 'नोरिटर्न'सारखी. लिनक्सने स्विचमधल्या, म्हणजे किमतीनुसार वेगवेगळ्या वाटा (केस) निवडणाऱ्या रचनेतल्या, निसटत्या केसच्या बाबतीत हेच केलं. एक केस संपून कोड खालच्या केसमध्ये घसरतो, ते मुद्दाम आहे की 'ब्रेक' विसरलाय, हे कंपायलरला कळत नाही. कित्येक लोकांनी काही वर्षं खपून एकेक जागा डोळ्यांनी तपासली. कुठे खरंच ब्रेक विसरलेला निघाला, तिथे तो घातला. मुद्दाम होतं तिथे 'फॉलथ्रू' असं स्पष्ट लिहिलं. मग २०१९ मध्ये ५.३ आवृत्तीत ती तपासणी सगळ्या कर्नलला लागू केली. हे काम बातमीत येत नाही. पण मला त्याबद्दल फार आदर आहे.

आणि कोड आपला नसेल, हार्डवेअर विकणाऱ्या कंपनीकडून आलेला अजस्र ड्रायव्हर असेल आणि उद्या बोर्ड पाठवायचा असेल, तर? तेव्हाही अख्खं डब्ल्यू-एरर काढायचं नाही. लोकलच्या मार्गावर 'ए' अक्षराची पाटी असलेले स्वयंचलित सिग्नल असतात. असा सिग्नल लाल असला तर मोटरमनने थांबायचं, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं वाट पाहायची आणि मग अतिशय जपून, पुढे नजर ठेवून निघायचं. सूट आहे, पण त्या एका खांबापुरती आणि ठरलेल्या रीतीने. तसंच इथे. डब्ल्यू-नो-एररच्या पुढे त्या एका वॉर्निंगचं नाव, तेही त्या एका फोल्डरपुरतं. ती एररची पुन्हा वॉर्निंग होते, दिसत राहते, फक्त अडवत नाही. शेजारी कारण आणि तारीख लिहायची. आमच्या टीममध्ये कारण न लिहिलेली सूट रिव्ह्यूत परत जाते, मग ती माझी का असेना.

दुपारी ब्लॉक संपल्यावर भाची घरी गेली. डब्ल्यू-एरर तिने मेकफाइलमध्ये राहू दिलं होतं. रात्री तिचा मेसेज आला. तिने स्वतः लिहिलेल्या सिस्टिम कॉलमध्ये, म्हणजे प्रोग्रामला कर्नलकडून काम करून घेता येतं त्या फंक्शनमध्ये, बिल्ड अडलं होतं, 'व्हेरिएबलला किंमत दिली, पण ते वापरलंच नाही'. कर्नलमधून युजरच्या मेमरीत माहिती पोचवणारं कॉपीआउट तिने बोलावलं होतं आणि त्याचं उत्तर एका व्हेरिएबलमध्ये घेऊन तसंच सोडून दिलं होतं. युजरने चुकीचा पत्ता दिला तर कॉपीआउट वजा एक परत देतं. तिचा कोड मात्र काहीही झालं तरी 'सगळं ठीक' म्हणून परतत होता.

ते व्हेरिएबल पुसून टाकलं असतं तरी बिल्ड झालं असतं. मी उत्तर टाइप करत होते, तेवढ्यात तिचा दुसरा मेसेज आला.

"मावशी, व्हेरिएबल ठेवलंय. त्याच्या खाली दोन ओळी वाढवल्या, वजा एक आलं तर मीपण वजा एकच परत देते."